किलोभर गॅसच्या चाळीस हजार फेऱ्या

दीड टनाच्या घरगुती स्प्लिट एसीत गॅस किती असतो? किलोच्या आतबाहेर. पुष्कळ नव्या मॉडेलमध्ये तर जेमतेम पाऊण किलो. एवढासा गॅस तांब्याच्या नळ्यांतून फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर लटकवलेल्या डब्यात नेऊन सोडतो आणि परत आत येतो. एसी पूर्ण ताकदीने चालत असेल तर नळीतून दर सेकंदाला साधारण वीस-बावीस ग्रॅम गॅस जातो. म्हणजे सगळ्या गॅसची एक फेरी मिनिटाच्या आत पुरी होते. रोज आठ तास धरा, मार्च ते मे धरा. चाळीस हजारांहून जास्त फेऱ्या होतात. आणि यंत्र धड असेल तर मे संपताना मोजण्याइतकाही गॅस कमी झालेला नसतो.

एसीच्या दुरुस्तीचा खर्च समजून घ्यायचा असेल तर पहिली गोष्ट हीच. गॅस खर्च होत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, शिळा होत नाही. दहा वर्षांपूर्वी कारखान्यात भरलेला गॅस आजही त्याच नळ्यांत तितकाच असू शकतो, आणि कित्येक घरांत तो असतोही. ‘दोन उन्हाळे झाले, आता टॉप-अप लागणारच’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटला आहे. ती जागा शोधून बंद केल्याशिवाय नवा गॅस भरणं म्हणजे त्यालाही बाहेरची वाट दाखवणं.

हा गॅस थंडावा कसा देतो हे कळलं की बिलातल्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने एसी खोली गार करतो. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. फरक एवढाच, की एसीतला द्रव चक्क उकळतो, आणि त्यासाठी विस्तव लागत नाही. आजकालच्या बहुतेक एसीत असतो तो आर-३२ हा गॅस मोकळ्या हवेत उणे ५२ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याला दाबाखाली ठेवलं की उकळण्याचा बिंदू वर सरकतो. आतल्या कॉइलमध्ये वातावरणाच्या दहा-अकरा पट दाबाखाली तो दहा अंशांच्या आसपास उकळतो आणि तुमच्या खोलीची उष्णता पिऊन वाफ होतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाब अठ्ठावीस-तीस पटीपर्यंत चढला की तोच गॅस पंचेचाळीस-पन्नास अंशांना परत द्रव होतो आणि प्यायलेली सगळी उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. बाहेर चाळीस अंश असले तरी त्याला ते जमतं, कारण तो स्वतः त्याहून तापलेला असतो. कमी-जास्त दाबाच्या एवढ्याशा युक्तीवर थंड खोलीतून उष्णता काढून तापलेल्या रस्त्यावर फेकता येते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

किती उष्णता? ‘दीड टन’ या मापात त्याचं उत्तर आहे. एक टन म्हणजे २,००० पौंड, साधारण ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी उपसण्याची ताकद. माप त्या काळातलं आहे, जेव्हा गारवा बर्फाच्या लाद्यांनी विकत घेतला जायचा. १८३०च्या दशकात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा बर्फ जहाजात भुशात गुंडाळून, महिनोन्‌महिने समुद्र ओलांडून कोलकात्याला आणि मुंबईला उतरत असे. मुंबईत त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं होतं. आज बेडरूमच्या भिंतीवरचा दीड टनाचा एसी रात्रीच्या आठ तासांत साडेचारशे किलो बर्फाचं काम करू शकतो आणि त्यासाठी पूर्ण ताकदीने चालला तरी तासाला दीड युनिटच्या आसपास वीज घेतो.

आता खर्चाकडे. एसीच्या बिघाडांची मी एकच विभागणी करतो आणि घरमालकाला तेवढी पुरते: बिघाड सीलबंद नळ्यांच्या आत आहे की बाहेर? गॅस, तांब्याच्या नळ्या, दोन्ही कॉइल आणि कॉम्प्रेसर हे सगळं मिळून एक बंद वर्तुळ आहे. ते उघडायची वेळ आली की खर्च हजारांत जातो. पंखे, फिल्टर, ड्रेन पाईप, सेन्सर, कपॅसिटर, पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, हे सगळं वर्तुळाच्या बाहेर आहे आणि पीसीबी सोडला तर इथले बहुतेक बिघाड काहीशे ते हजार-दीड हजार रुपयांत मिटतात. ‘एसी गार करत नाही’ ही तक्रार मात्र दोन्हीकडची असू शकते. मेकॅनिक आला की पहिला प्रश्न ‘किती होतील?’ असा न विचारता ‘आतला आहे की बाहेरचा?’ असा विचारा. पुढचं सगळं बोलणं बदलतं.

सगळ्यात फसवी तक्रार म्हणजे आतल्या कॉइलवर बर्फ साचणं. बर्फ दिसला की घरातले म्हणतात, गॅस संपला. तसं असू शकतं: गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, दाब उतरला की गॅस शून्याच्याही खाली उकळायला लागतो आणि हवेतली वाफ कॉइलवर गोठते. पण फिल्टरवर धुळीचा थर बसला तरीही हुबेहूब हेच घडतं. हवा कॉइलपर्यंत पोहोचत नाही, गॅसला उष्णता मिळत नाही, दाब उतरतो, बर्फ धरतो. लक्षण एक, कारणं दोन. एकावर उपाय नळाखाली फिल्टर धुणं, दुसऱ्यावर गॅस भरण्यासकट अडीच ते चार हजार रुपये. म्हणून आधी एसी बंद करून बर्फ वितळू द्या, फिल्टर धुऊन वाळवून बसवा आणि तासभर चालवून पाहा. मेकॅनिकला फोन त्यानंतर.

घरात पाणी गळणं ही मात्र वर्तुळाच्या बाहेरचीच तक्रार. एसीतून इतकं पाणी येतं कुठून, असं मुलं विचारतात आणि प्रश्न फार चांगला आहे. ते खोलीतल्या हवेतलंच पाणी. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढतो. खरं तर एअर कंडिशनिंगचा जन्मच दमटपणा काढायला झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जुळेनात. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातलं पाणी काढायची यंत्रणा आखली. माणसांचा गारवा त्यानंतरचा. तेव्हा घरात पाणी ठिबकायला लागलं तर एसी आपलं काम चोख करतो आहे, फक्त पाण्याची वाट तुंबली आहे. ड्रेन पाईपमध्ये शेवाळ-धूळ अडकलेली असते, नाहीतर इनडोअरचा उतार चुकलेला असतो. सर्व्हिसिंगच्या पाचशे-हजार रुपयांत हे बसायला हवं.

इन्व्हर्टर नसलेल्या जुन्या एसीत बाहेरच्या डब्यातून नुसता घुमल्यासारखा आवाज येतो, कॉम्प्रेसर उचलत नाही आणि थोड्या वेळाने ‘टक’ करून सगळं थांबतं. ऐकणाऱ्याला वाटतं कॉम्प्रेसर गेला, आता पंधरा हजार. पुष्कळदा तो असतो कपॅसिटर, मुठीत मावणारा ॲल्युमिनियमचा एक डबा. घरात येणारी सिंगल फेज वीज मोटरला आलटून-पालटून पुढे-मागे खेचते. कुठल्या दिशेने फिरायला सुरुवात करायची, हे त्या विजेला एकटीला सांगता येत नाही. कपॅसिटर मोटरच्या दुसऱ्या वेटोळ्यातल्या प्रवाहाची वेळ किंचित सरकवतो. त्या दोन प्रवाहांच्या वेळेच्या फरकातून चुंबकीय क्षेत्र फिरायला लागतं आणि मोटर त्याच्यामागे धावते. उन्हाळ्यातल्या उष्णतेने आणि व्होल्टेजच्या चढउतारांनी हा भाग दमतो. बदलायला मजुरीसकट हजाराच्या आसपास पुरतात. कॉम्प्रेसर गेला असं कोणी सांगितलं तर ‘कपॅसिटर मीटरवर तपासला का?’ हा एक प्रश्न जरूर विचारा.

पीसीबीचं प्रकरण वेगळं. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी तुमच्या घरातली ५० हर्ट्झची वीज आधी सरळ करतो आणि मग हवी त्या वेगाची तीन फेजची वीज नव्याने घडवतो, म्हणून कॉम्प्रेसर कधी धावतो, कधी रमतगमत चालतो. हा मेंदू बाहेरच्या डब्यात ऊन, पाऊस, मुंग्या आणि पाली यांच्या शेजारी राहतो. एक पाल दोन टोकांमध्ये आली तरी तो जळू शकतो. कंपनीचा नवा पीसीबी चार-पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत जातो. पण वॉरंटी संपलेली असेल तर बोर्ड दुरुस्त होतो का, हे पाहायलाच हवं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा सुट्या भागांच्या बाजारांभोवती बोर्डावरचा नेमका जळालेला भाग शोधून बदलणारे कारागीर आहेत आणि बऱ्याचदा काम नव्या बोर्डाच्या निम्म्याहून कमी पैशांत होतं. त्यांच्या हातातलं कसब पाहण्यासारखं असतं.

आता सीलच्या आत जाऊ. गॅस गळाला हे ठरलं, तर कुठून? सर्वांत आधी पाहावी ती जागा म्हणजे फ्लेअरचा जोड. इनडोअर आणि आउटडोअर जोडणारी तांब्याची नळी टोकाशी घंटेच्या तोंडागत पसरवतात आणि पितळी नट आवळून बसवतात. मध्ये रबर नाही, डिंक नाही. धातूवर धातू नुसता घट्ट टेकलेला असतो आणि तेवढ्यावर तो दाब वर्षानुवर्षं तोलला जातो. मात्र नळी कापताना कडा खरबरीत राहिली किंवा नट कमी-जास्त आवळला, तर गॅस थेंबाथेंबाने निसटतो. एसी बसवून वर्षाच्या आत गॅस गेला असेल तर संशय इथेच घ्या. साबणाच्या फेसाचा एक हात फिरवला की बुडबुडे जागा दाखवून देतात. मेकॅनिकने आधी नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरला तर बारीक गळतीही सापडते. फ्लेअर नवा करणं हे स्वस्तातलं काम आहे. महाग आहे तो त्यानंतर भरायचा गॅस.

कॉइलच गळत असेल तर गोष्ट गंभीर, आणि इथे बिलात भूगोल शिरतो. कोकणपट्टीत, गोव्यात, मुंबईच्या समुद्राकाठी खारा वारा बाहेरच्या कॉइलचे ॲल्युमिनियमचे पत्रे खातो. काही वर्षांत ते हाताने चुरगळतात. नाल्याकाठच्या, खाडीकाठच्या घरांत हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडतं. आणि एक गंज तर घरातच जन्मतो. लाकडी फर्निचर, गोंद, व्हिनेगर, काही क्लीनर यांतून निघणारी फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाची वाफ ओलाव्यात मिसळून तांब्यात सूक्ष्म, फाटे फुटलेली बिळं कोरते. भिंगाखाली ती वारुळासारखी दिसतात, म्हणून इंजिनिअर या गंजाला मुंग्यांच्या वारुळाचंच नाव देतात. वरून नळी धड दिसते, आतून ती पोखरलेली असते. अशी कॉइल एका जागी ब्रेझिंग करून सांधली तरी दुसरीकडे फुटायची शक्यता राहते. विदर्भात मिठाचा त्रास नाही, पण तिथे पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि गच्चीवरचा उन्हात तापलेला डबा उष्णता टाकता टाकता मेटाकुटीला येतो. कॉम्प्रेसरवरचा दाब चढा राहतो. चंद्रपूर-नागपूरच्या माणसाने आउटडोअरला सावली आणि मोकळी हवा दिली, तर तो दुरुस्तीवरचेच पैसे वाचवतो. दादर-मालवणच्या माणसाने एसी घेतानाच गंजरोधक लेप असलेली कॉइल मागावी आणि बाहेरचा डबा साध्या पाण्याने वरचेवर धुऊन घ्यावा.

गॅस भरण्याआधीचं एक काम घरमालकाने उभं राहून पाहावं असं आहे: व्हॅक्यूम. उघडलेल्या नळ्यांत हवा आणि ओलावा शिरतो. हा ओलावा तेलात मिसळला की आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांना खातं. तो पुसून काढता येत नाही, म्हणून तो उकळून काढतात, तोही आग न लावता. पंपाने नळीतला दाब इतका उतरवतात की आतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपातून बाहेर पडतं. याला वीस-तीस मिनिटं लागतात. हे काम वगळून नुसता गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देणारा मेकॅनिक घाईत असतो आणि त्या घाईची किंमत तुम्ही पुढच्या वर्षी मोजता. नंतरचा गॅस वजनकाट्यावर मोजून भरला जावा. किती भरायचा, हे आउटडोअरच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. कुठला भरायचा, तेही. आर-३२च्या जागी दुसरा काही चालतो असं कोणी म्हणालं तर थांबवा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि आर-२९० हा दुसरा गॅस तर शुद्ध प्रोपेनच. हा घरगुती प्रयोगांचा विषय नाही.

टॉप-अपवर मी इतका अडून बसतो याचं कारण कॉम्प्रेसर आहे. तो वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला डबा असतो. आतली मोटर गॅस आणि तेलातच राहते आणि तिच्यावरून वाहणारा गॅसच तिची उष्णता वाहून नेतो. गॅस कमी झाला की खोली तापते तशी मोटरही तापते, आणि ती न थांबता धावत राहते कारण खोली गार होत नाही. अशा रीतीने तीन हजारांत मिटली असती ती गळती दोन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर घेऊन जाते. नवा कॉम्प्रेसर दहा ते वीस हजारांच्या घरात पडतो. वाया गेलेल्या गॅसचा भार सगळ्यांवर पडतो तो वेगळाच: एक किलो आर-३२ हवेत गेला की पृथ्वी तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भर घालतो.

कॉम्प्रेसर गेला असं खरंच ठरलं तर आधी वॉरंटी कार्ड काढा. पुष्कळ कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी देतात. गॅस, मजुरी, वाहतूक मात्र बहुधा तुमची. वॉरंटी संपली असेल, एसी आठ-दहा वर्षांचा असेल आणि पट्टीवर आर-२२ लिहिलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: त्यात पैसे घालू नका. आर-२२ ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याकडे झुकला की नवाच घ्यावा. चार-पाच वर्षांच्या धड एसीचा पीसीबी किंवा फ्लेअर गेला तर मात्र दुरुस्तीच शहाणपणाची.

वर लिहिलेले आकडे शहर, कंपनी आणि मजला यांप्रमाणे हलतील. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिकची वाट चार-चार दिवस पाहावी लागते. फेब्रुवारीत तोच माणूस निवांत असतो, म्हणून वर्षाची सर्व्हिसिंग तेव्हाच उरकावी. बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅम, गळतीची जागा आणि बदललेल्या भागाची हमी लिहून घ्या. काढलेला जुना भाग मागून घ्या.

आणि एक विनंती. आउटडोअर खिडकीबाहेर, सातव्या-दहाव्या मजल्यावर टांगलेलं असेल, तर त्यावर काम करणारा माणूस बहुतेक वेळा ग्रिलला एका हाताने धरून उभा असतो. सेफ्टी बेल्ट आणि भक्कम दोर लावल्याशिवाय त्याला बाहेर पाऊल टाकू देऊ नका. त्यासाठी वेळ लागेल, कधी दुसरा माणूस लागेल, दोन-तीनशे रुपये जास्तही होतील. एसीच्या सबंध बिलात घासाघीस न करता द्यावा असा खर्च हाच आहे.